गुळाचा सौदा, कानानं

मी कंपनीत नक्की काय करते, हे येळ्ळूरच्या आमच्या गल्लीत आजवर कुणाला धड कळलेलं नाही. माझी भावजय शेजारणींना सांगते, "आमच्या सुनंदा वन्सं दिवसभर कानात वायर घालून बसतात आणि संध्याकाळी साहेबांवर खेकसतात." त्यात फारसं खोटं नाही. मला दिसत नाही. लहानपणी गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. आता मी बेळगावातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत वेबसाइटी तपासते. पान कसं दिसतं ते बघणारे तिथं पुष्कळ आहेत. ते कसं ऐकू येतं ते मी बघते. 'बघते' म्हटलं म्हणून दचकू नका, आम्हीही तसंच म्हणतो.

आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या कॉम्प्युटरात आणि फोनमध्ये स्क्रीन रीडर नावाचा एक बोलका प्रोग्रॅम असतो. पडद्यावर लिहिलेलं तो वाचून दाखवतो, पण एका वेळी एकच जागा. पूर्वी वेबसाइट म्हणजे छापील कागद होता, एकदा उघडला की तसाच राहायचा. आता पानं जिवंत झालीत. तुम्ही नाव भरत असता आणि वर कोपऱ्यात तांबड्या अक्षरांत येतं, 'मोबाईल नंबर चुकला'. तुमची नजर आपसूक तिकडं जाते. आमचा स्क्रीन रीडर मात्र नावाच्या रकान्यातच बसलेला असतो. आम्ही बटण दाबतोय, पुन्हा दाबतोय, आणि पान काही केल्या पुढं सरकत नाही. कुणी सांगितलंच नाही तर आम्हाला कळणार कसं?

म्हणून पान बनवणाऱ्यानं आधीच सांगून ठेवायचं असतं, की बाबा रे, ह्या जागेत काही बदललं तर ते बोलून दाखव. त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक सभ्य. ती चालू वाक्य पुरं होऊ देते आणि मग तोंड उघडते. दुसरी आगाऊ. ती बोलणं तोडून मध्येच घुसते. कुठं सभ्य ठेवायची, कुठं आगाऊ, आणि तिच्या तोंडी किती शब्द घालायचे, एवढ्यातच माझ्या नोकरीची निम्मी वर्षं गेली.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटतात. एका भांड्यांच्या दुकानदाराच्या वेबसाइटवर वरच्या बाजूला सरकत्या जाहिराती होत्या. तीन-तीन सेकंदाला आगाऊ आवाज ओरडायचा, "मोठी सूट! मोठी सूट!" मिक्सरची किंमत ऐकायला मी अर्धी सकाळ घालवली, ती शेवटपर्यंत ऐकू आलीच नाही. तसं सांगितल्यावर मालक मला म्हणाले, "मॅडम, न दिसणारी माणसं मिक्सर घेतात व्हय?" म्हटलं, "न्हाय मालक. आम्ही अजून पाट्यावरच वाटतो." बिचाऱ्यांना खरं वाटलं!

दुसरा नमुना एका क्लासवाल्याचा. त्याच्या सराव परीक्षेत उरलेला वेळ बोलतच नव्हता. मी तक्रार केली. त्यानं इमानदारीत दुरुस्ती केली, आणि पान दर सेकंदाला वेळ सांगायला लागलं. खानापूरकडच्या एका मुलीनं मला रडत फोन केला, "आक्का, प्रश्न ऐकूच येईना गं, नुसते सेकंद ऐकालोय." मुकं पान वाईट, पण बडबडं पान त्याहून वाईट, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले. पण घाम फोडला तो भूपालअण्णांनी.

भूपालअण्णा निपाणीच्या बाजूचे गुळाचे व्यापारी. जैन घराणं, दोन पिढ्यांचं दुकान, मराठी बोलता बोलता कधी कन्नडमध्ये शिरतील सांगता येत नाही. पन्नाशीनंतर त्यांची नजर गेली. आधी तिन्हीसांजेचं दिसेनासं झालं, मग कडेचं, मग समोरचंही. धंदा मात्र थांबला नव्हता. सकाळी बाजार आवारात जायचे, गुळाच्या ढेपेला नख लावायचे, कण जिभेवर ठेवायचे, आणि हा रस किती उकळलाय, रंग उजळायला चुना किती पडलाय ते सांगायचे. मग सौदा. गुळाच्या थप्पीभोवती व्यापारी उभे, पुकारा करणारा मोठ्यानं बोली पुकारणार, ज्याला हवा त्यानं ओरडून चढवायचं. तिथं डोळ्यांचं कामच नव्हतं.

पुढं त्यांच्या बाजार आवारानं ठरवलं, संक्रांतीपासून तोंडी सौदा बंद, सगळी बोली कॉम्प्युटरवर. ते काम आमच्या कंपनीला मिळालं. आणि एक दिवस अण्णा पुतण्याचा हात धरून थेट आमच्या ऑफिसात आले.

"पोरी, तुला दिसत न्हाय म्हणं?"

"न्हाय अण्णा."

"कधीपासनं?"

"ल्हानपणापासनं."

"मग तू मला सीनियर," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "ऐक. आवाराचा सेक्रेटरी म्हणतोय, लॉगिन महावीरच्या नावानं काढू, तुमी मागं खुर्ची टाकून बसा. ह्यो महावीर, माझ्या भावाचा ल्योक. पोरगा चांगला हाय."

"काका, मी कुठं म्हटलोय तसं..." महावीर मागून पुटपुटला.

"तू न्हाय म्हटलास रं. पण दुसऱ्याच्या डोळ्यानं बोली लावायची म्हंजे पाटी माझी आणि दुकान तुझं. माझ्या जिभेला अजून गूळ कळतोय. मला मागच्या खुर्चीत बसायचं न्हाय."

आवाज चढला नव्हता, पण मला ते वाक्य लागलं. मागच्या खुर्चीत मीही बसलेय. मी त्यांना शब्द दिला, की बोली तुमची तुम्हीच लावाल.

अण्णांना कॉम्प्युटर शिकवणं हा वेगळाच उद्योग होता. स्क्रीन रीडरचा आवाज त्यांना अजिबात आवडला नाही. "ह्येला सर्दी झालीय काय?" म्हणायचे. वेग सगळ्यात कमी ठेवून, एकेक शब्द सलाईनच्या थेंबागत पडू द्यायचे, तेव्हा त्यांना कळायचं. माझा वेग इतका असतो की भावजयीला वाटतं रेडिओ बिघडलाय. शेवटी अण्णा शिकले, शिव्या देत देत शिकले.

सौद्याचं पान आमच्या शैलजानं बनवलं. ती धारवाडकडची, घरी कन्नड, ऑफिसात आमच्यासंगं तिचं मराठीही छान चालतं. कुणी बोली चढवली की पान सगळं सांगायचं: थप्पी बारा, पिवळा गूळ, सध्याची बोली इतकी, बोली अमक्याची, उरलेला वेळ इतका. सभ्य तऱ्हेनं, एकामागून एक. मी दहादा तपासलं. कुठं अडलं नाही, काही सुटलं नाही. मी ताठ मानेनं शेरा दिला, चालतंय.

मग आवारातल्या हॉलमध्ये चाचणी ठेवली. खोटाच सौदा, पण सगळे व्यापारी हजर. अण्णा इयरफोन लावून पहिल्या रांगेत, मी शेजारी. सुरुवात झाली आणि बोली धडाधड चढायला लागली. अण्णांनी एकदा चढवली. पुन्हा चढवली. लगेच आणखी एकदा. मला बरं वाटलं, म्हातारा रंगात आला म्हणून. तेवढ्यात महावीर ओरडला, "काका, थांबा! तुमचीच बोली वर हाय! स्वतःवरच चढालाय!"

सगळा हॉल हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, घरातल्या घरात भांडण कशाला ओ?" पुन्हा हशा.

झालं होतं ते असं. अण्णांच्या वेगानं एक घोषणा पुरी व्हायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात आणखी तीन-चार बोली होऊन जायच्या. आणि पान सभ्य, म्हणून प्रत्येक घोषणा रांगेत उभी राहायची. अण्णांच्या कानात कधीच शिळी झालेली बोली वाजत होती. ती दुसऱ्याची समजून ते आपल्याच बोलीवर चढवत होते. माझ्या वेगानं ती रांग साचतच नव्हती, म्हणून मला ती कधी सापडली नाही.

अण्णांनी इयरफोन काढला, वायर नीट गुंडाळली, काठी मागितली आणि निघून गेले. सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, तुम्हीच पास केलतं न्हवं हे?" लाजेनं कान गरम झाले होते.

ऑफिसात आल्यावर मी शैलजावर उगाच ओरडले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आक्का, आगाऊ करून बघूया." केलं. माझ्या स्क्रीन रीडरचा वेग अण्णांएवढा खाली आणला, आणि दोघींनी मिळून खोट्या बोली सोडल्या. ऐकू काय आलं? "थप्पी बारा, पि... थप्पी बारा, पिव... थप्पी बारा, पि..." नवी बोली जुनीचा गळा दाबायची, आणि भावापर्यंत गाडी पोचायचीच नाही. सभ्य ठेवलं तर शिळं, आगाऊ ठेवलं तर अर्धवट. शैलजा हसायला लागली आणि मला रडू यायला लागलं.

मी बस धरून निपाणी गाठली. अण्णा दुकानात होते.

"आलीस? आणि काय चेष्टा ऱ्हायलीय काय?"

"चेष्टा माझीबी झालीय अण्णा. पान मी पास केलतं."

"तुझ्या कानाला लई घाई, पोरी." मग म्हणाले, "सोड. उद्या सेक्रेटरीला सांगून टाकतो, महावीरच्या नावानं करा. तूबी किती दिवस माझ्यामागं लागशील?"

मी शब्द दिला होता आणि माझ्याच कामामुळं हा माणूस हार मानत होता. तेवढ्यात आवारातून हाक आली, सौदा सुरू होतोय. अण्णा उठले. "चल, तोंडी सौदा ऐकून तरी जा. संक्रांतीनंतर ऐकायला मिळायचा न्हाय."

त्यांच्या कोपराला हात लावून मी थप्पीपाशी उभी राहिले. पुकारा करणारे मारुतीमामा. आवाज असा, की आवाराच्या फाटकाबाहेरच्या बैलानंही मान वर करावी. त्यांनी सुरुवात केली, "ऐका ओ, पाटलांची थप्पी, पिवळा गूळ, एकेचाळीसशे!" एवढं सगळं एकदाच. पुढं फक्त, "दहा... वीस... तीस..." एकेचाळीसशे पुन्हा नाही, थप्पी पुन्हा नाही, गूळ पुन्हा नाही. तिघं एकदम ओरडले तर मामा तिघांना सांगत बसायचे नाहीत. वरची बोली तेवढी घ्यायचे, खालच्या दोन्ही सोडून द्यायचे. शेकडा बदलला की तेवढ्यापुरतं "बेचाळीसशे!" आणि बोली थंडावली की एक श्वास थांबून सगळं सावकाश, "बेचाळीसशे वीस, भूपालअण्णांची... सोडू काय?"

मी कान टवकारले. बोली इथंही तितकीच धडाधड चढत होती. पण शिळं काही नव्हतं, अर्धवट काही नव्हतं. मी अण्णांचा कोपर दाबला. "अण्णा, मामा सगळं सांगतच न्हाईत!"

"म्हंजे?"

"एकदाच सगळं सांगतात, मग बदललं तेवढंच. मधल्या बोली गिळून टाकतात."

अण्णांचा जन्म गेला त्या पुकाऱ्यात, पण हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. येणार तरी कसं, सोपं होतं म्हणून तर ध्यानात आलं नव्हतं. सौदा झाल्यावर मामांना विचारलं तर म्हणाले, "सगळंच सगळ्यास्नी सांगत बसलो तर दिस मावळंल की ओ बाई."

"अण्णा, सेक्रेटरीला काही सांगू नका. एक चान्स द्या."

"किती चान्स घेशील गं?"

"ह्योच. पुन्हा तोंड दाखवणार न्हाय."

"तोंड दाखवून उपयोग बी काय, मला कुठं दिसतंय?" म्हणाले, आणि हसले. चाचणीनंतर पहिल्यांदा हसले.

शैलजाला मी सगळं सांगितलं तर ती अडून बसली. "आक्का, नियमाप्रमाणं पूर्ण माहिती द्यायला पाहिजे. नुसतं 'वीस' म्हटलं तर कशाचे वीस?" मी म्हटलं, पूर्ण माहिती थप्पी उघडताना एकदा दे. मग बदललेले आकडे तेवढेच. बोलता बोलता नवी बोली आली तर रांगेतल्या जुन्या फेकून दे, ताजी तेवढी ठेव. बोली थंडावली की पुन्हा पूर्ण. आणि ज्याला मध्येच सगळं ऐकायचंय त्याला एक बटण दे, त्यानं दाबावं, त्यानं ऐकावं. शैलजा थोडा वेळ टकटक करत राहिली. मग म्हणाली, "आयतु आक्का," म्हणजे ठीक आहे, करते. आणि एक गोष्ट तिनं स्वतःच्या डोक्यानं घातली: वरची बोली आपलीच असेल तर आकड्याच्या आधी पान म्हणायचं, "तुमची". ती मला सुचली नव्हती. अण्णांची फजिती ज्यामुळं झाली, ते दार त्या एका शब्दानं बंद झालं.

ह्या वेळी मी माझ्या वेगानं तपासलं, अण्णांच्या वेगानं तपासलं, आणि दोन्हींच्या मधल्या वेगानंही. दुसऱ्या चाचणीत अण्णा कुठं अडखळले नाहीत. सेक्रेटरींनी काहीतरी पुटपुटत लॉगिन त्यांच्याच नावानं काढून दिलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. मारुतीमामांचा पुकारा संक्रांतीला थांबला. त्यांना आवारात दुसरं काम दिलंय, आणि ते कुणाजवळ तक्रार करत नाहीत. त्यांची रीत पानात उतरली, आवाज काही मला उतरवता आला नाही. त्याचं वाईट वाटतं ते वाटतंच. आणि धास्तीही आहे. पानात नवीन काही घातलं की आधीचं मोडतं, आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. म्हणून मी अजूनही ते पान अधूनमधून उघडते, वेग खाली आणते आणि मुकाट ऐकते. शैलजा म्हणते, आक्का, तुम्हाला गुळाचं व्यसन लागलंय.

खऱ्या सौद्याच्या पहिल्या दिवशी अण्णांनी मला बोलावून घेतलं. एकच इयरफोन, एक टोक त्यांच्या कानात, एक माझ्या. मागं महावीर उभा. पहिली थप्पी उघडली. पडद्यावर गुळाचा फोटो होता म्हणे, आणि फोटो झकास असावा, कारण हॉलभर बटणं खडखडायला लागली.

"काका, लावा की!" महावीर वाकून म्हणाला. "सोन्यागत दिसालाय!"

कानात येत होतं, "साठ. ऐंशी. त्रेचाळीसशे. वीस." अण्णांचा हात बटणावर होता. माझ्या मनात भलतंच, पान पुन्हा फसलं काय? ह्यांना कळत नाही काय? मी हळूच विचारलं, "अण्णा, ऐकू येतंय न्हवं?"

"लख्ख," ते म्हणाले, आणि बटण दाबलं नाही. थप्पी दुसऱ्यानं नेली.

"काका, गेली की ओ हातची!" महावीर हळहळला.

"जाऊ दे. चुना मारलाय त्यात. सकाळी जिभंवर घेतलाय मी."

दुसऱ्या थप्पीचा फोटो बहुधा काळपट असावा, बटणं मोजकीच वाजली. अण्णांनी दाबलं. "तुमची. दहा." कुणीतरी चढवलं, "वीस." अण्णांनी दाबलं. "तुमची. तीस." मग कुणीच चढवेना. पान एक श्वास थांबलं, आणि पूर्ण भाव, पूर्ण नाव सावकाश घेऊन म्हणालं, सौदा पक्का. आख्ख्या हॉलच्या देखत अण्णांनी माझ्या पाठीवर असा धपका मारला की इयरफोन निसटला.

इयरफोन शोधून मी परत कानात घालते आहे, तोवर महावीर पुढं आला. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, आणि तो अण्णांच्या शेजारी बसला. ह्या वेळी त्याचा आवाज वेगळा होता.

"काका, पुढची थप्पी कशी हाय? कितीपर्यंत जायचं?"

"मला काय इचारतोस? सकाळी माझ्यासंगं गूळ चाखाय आलतास काय?"

"न्हाय."

"मग उद्या ये. शिकवतो तुला," अण्णा म्हणाले. "आता गप बस. ऐकू दे."